पेवात सोडलेला दिवा

सोमवार, २९ सप्टेंबर २०२५
संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे
सोहार, ओमान

तीर्थस्वरूप उमाजी दादांना मुंजाजीचा नमस्कार.

वहिनींनी पाठवलेला घराचा व्हिडिओ आला तेव्हा मी खोलीबाहेरच्या नळावर जेवणाचा डबा घासत होतो. हात पुसून मोबाईल उघडला. व्हिडिओ एक मिनिट बावीस सेकंदांचा आहे. मी तो आतापर्यंत अकरा वेळा पाहिला.

फोन न करता लिहितो आहे, याचं कारण वहिनींनीच सांगितलं. माझा आवाज ऐकला की तुम्ही उठून बाहेर जाता, पण त्या काही वाचून दाखवायला लागल्या तर बसून राहता. म्हणून वहीत लिहितो आणि पानांचे फोटो काढून वहिनींच्या मोबाईलवर पाठवतो. चौदा महिन्यांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्हाला न विचारता नऊ शेळ्या विकून इकडे आलो, त्याचा राग तुमच्या मनात आहे. त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही.

व्हिडिओत मला जे दिसलं ते लिहितो, चुकलं असेल तर वहिनींनी कळवावं. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या पुराचं पाणी खिडकीच्या दुसऱ्या गजापर्यंत चढलं होतं, भिंतीवर तशी रेघ आहे. मागची भिंत पडली आहे. पत्रे जाग्यावर आहेत. शेळ्या शाळेच्या ओट्यावर बांधल्या आहेत, मी मोजल्या, अठरा दिसल्या. पूर्वी एकतीस होत्या. बाकीच्या फ्रेममध्ये मावल्या नसतील तर चांगलंच आहे.

तलाठी पंचनामा करून जाईपर्यंत घरातला गाळ काढू नका. घर धुऊन ठेवलं की नुकसान दिसत नाही. पडलेल्या भिंतीचा फोटो काढताना एका बाजूला कुणीतरी उभं राहावं, म्हणजे उंची कळते. वहिनींच्या खात्यावर आज पंधरा हजार पाठवले आहेत.

आता अंगणात जमिनीत खोदलेल्या धान्याच्या पेवाबद्दल. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आपण त्यात वीस पोती ज्वारी भरली. पेवाच्या तोंडावरची फरशी दोन दिवस पाण्याखाली होती, म्हणजे आत पाणी गेलंच असणार. वहिनी म्हणाल्या, फरशीच्या कडेने बुडबुडे येतात आणि आंबलेल्या पिठासारखा वास सुटला आहे. ती ज्वारी आता माणसाच्या कामाची नाही आणि जनावराच्याही नाही. पेव आहे तसं राहू द्या.

तळाशी आईच्या चांदीचा डबा आहे, ते माझ्या लक्षात आहे. चांदीला पाण्याने काही होत नाही. डब्याचं नंतर बघता येईल.

तुमचा,
मुंजाजी


बुधवार, १ ऑक्टोबर २०२५
दुपारचा सव्वा वाजला आहे, जेवणाची सुट्टी

दादा,

वहिनींचा निरोप ऐकला. तुम्ही दसरा झाला की पेव उघडणार, ज्वारी उपसून डबा काढणार आणि चांदी मोडून मागची भिंत आणि शेळ्यांचा गोठा उभा करणार. थंडीच्या आत शेळ्यांना आडोसा पाहिजे, हे बरोबर आहे. पंचनाम्याचे पैसे कधी येतील याचा भरवसा नाही, हेही बरोबर आहे. माझ्या पत्रावर तुम्ही जे बोललात तेही वहिनींनी जसंच्या तसं सांगितलं. "तिकडं जाऊन लय शहाना झालाय म्हनावं. पेव आमच्या बापानं खोदलंय, त्याच्या शेठनं न्हाई."

बोला. पण पुढचं पूर्ण ऐकून घ्या.

आमच्या कंपनीत पाण्याच्या मोठ्या टाक्या आहेत. वर्षातून एकदा आत उतरून धुवाव्या लागतात. उतरायच्या आधी आमचा फोरमन, तो केरळचा आहे, दोरीला एक छोटं यंत्र बांधून आत सोडतो. ते वाजलं तर त्या दिवशी कुणी उतरत नाही. मी नवीन असताना हसलो होतो, रिकाम्या टाकीत काय असणार म्हणून. त्याने मला बाजूला नेऊन सांगितलं की त्याच्या गावाकडे विहिरीत एकजण उतरला, तो वर येईना म्हणून त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा. तिघेही भाऊ होते. विहिरीत पाणी गुडघाभर होतं.

ओलं धान्य आंबलं की त्यातून एक जड हवा निघते. ती वर येत नाही, खड्ड्यातच साठून राहते. अंगणातलं पाणी ओसरलं, पण पेवात दुसरंच एक पाणी भरलं आहे असं समजा. ते दिसत नाही, त्याने कपडे भिजत नाहीत, पण माणूस त्यात बुडतो. हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

बाबांना हे माहीत होतं. यंत्र नव्हतं, पण पेव उघडलं की ते एक दिवस तसंच ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी कंदील पेटवून दोराने खाली सोडायचे. कंदील विझला तर फरशी परत लावायची. मी सडपातळ म्हणून मला उतरवायचे, आणि कंदील वर आल्यावर काच अजून गरम आहे ना, हे तुम्ही हात लावून बघायचात. तुम्हीच मला ते शिकवलं.

माझी विनंती अशी आहे. पेव उघडूच नका. मार्चमध्ये मला सुट्टी मिळेल. तोपर्यंत ते कोरडं होईल. मी येतो आणि मी स्वतः उतरतो. नेहमी मीच उतरायचो. भिंतीला लागतील तेवढे पैसे मी इथून उचल घेऊन पाठवतो.

एवढं करूनही उघडणारच असाल, तर कंदील सोडल्याशिवाय पाय आत घालू नका.

मुंजाजी


गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५
संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे

दादा, वहिनी,

दसऱ्याचा नमस्कार. आमच्या खोलीत नांदेडकडचा एकजण आहे, त्याने कुठून तरी आपट्याची चार पानं आणली होती, वाळलेली. सगळ्यांनी एकमेकांना अर्धं अर्धं पान दिलं.

वहिनींचा निरोप पावणेसहाला आला. तो मी कामावरून येताना बसमध्ये ऐकला आणि खोलीवर येऊन परत ऐकला. "भाऊजी, तुमी सांगितलं तसंच केलं बघा. कालच फरशी काढून ठिवली व्हती. आज ह्यांनी अन् शेजारच्या भुजंगनं दिवा सोडला. तळाला ज्वारीला टेकोस्तर सोडला. पंधरा मिनिटं ठिवला. जरा बी इझला न्हाई. आता तरी घोर करू नका. उद्या सकाळी आठला हे उतरनारेत."

हे ऐकून मला हायसं वाटायला पाहिजे होतं. मी तुम्हाला कंदील सोडायला सांगितलं, तुम्ही माझं ऐकलंत. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ऐकलंत. पण माझा जेवणाचा डबा तसाच समोर पडला आहे.

मला एक गोष्ट जुळत नाही. वास इतका आहे की वहिनी पदर लावून अंगण झाडतात. बुडबुडे येत होते. वीस पोती ज्वारी दोन दिवस पाण्यात होती. आणि दिवा तळापर्यंत जाऊन पंधरा मिनिटं जळला. हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

वहिनी, रेशनला रॉकेल मिळायचं बंद होऊन किती वर्षं झाली? मी गाव सोडलं तेव्हाच आपला कंदील पोटमाळ्यावर काच फुटून पडला होता. तुम्ही खाली कोणता दिवा सोडलात? कृपा करून त्याचा फोटो पाठवा. रात्र झाली असली तरी पाठवा. मी जागा आहे.

मुंजाजी


शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५
पहाटेचे पाच वाजून पंचवीस मिनिटे
(तुमच्याकडे सहा वाजून पंचावन्न)

दादा,

फोटो मिळाला. तो रात्रीच येऊन पडला होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो, तशीच झोप लागली. ही माझी चूक आहे.

फोटोत पांढरा चार्जिंगचा दिवा आहे. गेल्या दिवाळीला मीच तो खोलीतल्या नांदेडच्या मित्राबरोबर पाठवला होता. दादा, तो विझत नाही. तो पाण्यातसुद्धा विझत नाही. त्याला हवा लागत नाही, म्हणून हवा आहे की नाही हे त्याला कळत नाही. बाबांच्या कंदिलात ज्योत होती, ती माणसासारखी श्वास घ्यायची, म्हणून माणसाच्या आधी मरायची. काल तुम्ही पेवात फक्त उजेड सोडला.

उतरू नका.

मी पाच वाजल्यापासून वहिनींना नऊ वेळा फोन लावला. बंद आहे. चार्जिंगला पिठाच्या गिरणीत ठेवला असेल. भुजंगचाही लागत नाही. पाठवलेला निरोप पोचल्याची दुसरी खूण येत नाही. म्हणून हे पान मी पाथरीच्या माणिकरावांना पाठवणार आहे, त्यांची जीप साडेसातला आपल्या गावाला निघते. त्यांनी जीप आपल्या अंगणात न्यावी आणि जे लिहिलं आहे ते मोठ्याने वाचावं. तिथे कोण कोण असेल ते असो.

हवेचं मी सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. तुम्ही दिवा सोडून पाहिला आहे, आणि मुंजाजी डबा काढू देत नाही, त्याच्या मनात काही काळंबेरं आहे, असंच तुम्हाला वाटेल. ते खरं आहे. म्हणून सांगतो.

पेवात डबा आहे. डब्यात चांदी नाही.

आई गेल्यावर चांदी मोडायची नाही, असं आपलं ठरलं होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एजंटला पैसे कमी पडत होते. तुम्ही मेंढ्यांच्या बाजाराला गेलात, त्या सोमवारी मी परभणीला जाऊन ती विकली. एप्रिलमध्ये पेव भरायच्या वेळी तुम्ही म्हणालात, डबा तळाला ठेवू, तिथे चोर जात नाही. त्याच्या आदल्या दिवशी मी डब्यात ट्रॅक्टरचे जुने नट भरले, आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, म्हणजे वाजू नयेत. वजन बरोबर यावं म्हणून किराणा दुकानात तोलून घेतलं. झाकणाला डांबर लावलं. तुम्ही डबा हातात घेऊन कपाळाला लावलात आणि माझ्याकडे खाली दिलात. मी पेवाच्या तळाशी होतो. तुम्ही वरून विचारलंत, "ठिवला का रे नीट?" मी म्हणालो, ठेवला.

सोमवारी पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच हे लिहायला पाहिजे होतं. तेव्हा चार दिवस हातात होते. मी ते हवेवर ढकललं, मार्चवर ढकललं. मला वाटलं, हवेच्या भीतीने तुम्ही थांबाल आणि मला हे कधीच सांगावं लागणार नाही.

तुम्ही नटांसाठी उतरत आहात. उतरू नका.

माणिकराव, एवढं वाचून थांबू नका. दादा दोराला असतील तर आधी वर ओढायला सांगा, मग वाचा. आणि चुलीतलं पेटतं लाकूड खाली सोडून सगळ्यांना दाखवा.

मुंजाजी


शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५
दुपारचे साडेतीन

दादा,

काल दिवसभर काय घडलं ते मला माणिकरावांनी फोनवर सांगितलं आणि रात्री वहिनींनी. दोघांचं जुळतं, एका गोष्टीखेरीज. माणिकराव म्हणतात, तुम्ही छातीपर्यंत आत होतात. वहिनी म्हणतात, फक्त डोकं आणि दोराला धरलेले हात वर होते.

जीप आठ वाजून पाच मिनिटांनी आली. माणिकरावांनी हॉर्न वाजवला तरी भुजंग दोर सोडतच होता. तुम्ही आतून म्हणालात, "सोड अजून, लय वरच हाय मी." माणिकराव म्हणाले, आवाज दारू प्यायल्यासारखा होता. मग ते ओरडले की डब्यात चांदी नाही, नट आहेत. हवेचं त्यांनी नंतर सांगितलं. हवेचं आधी सांगितलं असतं तर भुजंगने दोर ओढला नसता, असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते पटतं.

तुम्हाला वर काढल्यावर तुम्ही फरशीवर बसलात आणि ओकलात. तुमचे ओठ निळे झाले होते, असं वहिनी सांगत होत्या. सगळं पान तिथे वाचलं गेलं. अंगणात बारा-पंधरा माणसं होती, असं माणिकराव म्हणतात. लुगड्याच्या तुकड्याचं वाचून झाल्यावर पाणी मागून त्यांनी पुढे वाचलं. वाचून झाल्यावर भुजंग म्हणाला, "आयला, मोजून-मापून नट भरले पठ्ठ्यानं. किराणेवाला बी आसा तोलत न्हाई." एकदोघं हसले. मला ते ऐकून बरं वाटलं नाही, पण त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

मग वहिनींनी चिपाडाला चिंधी गुंडाळून, गोडेतेलात बुडवून पेटवली आणि तारेने खाली सोडली. वीतभरसुद्धा आत गेली नाही, विझली. वहिनी म्हणाल्या, "फुंकर घातल्यावानी गेली बघा, भाऊजी. धूर बी सरळ वर यीना. तिथंच आडवा पसरला." दुसऱ्यांदा सोडली, तिथेच गेली. तिसऱ्यांदा भुजंगने स्वतः सोडली. त्यानंतर तो जाऊन आपल्या घरात बसला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

तुमचं डोकं अजून जड आहे, असं कळलं. आज पाथरीला दवाखान्यात जाऊन या. माणिकराव न्यायला तयार आहेत. पेवाचं तोंड उघडं आहे, वास वाढला आहे आणि काल संध्याकाळी शेजारच्या कुत्रीची दोन पिल्लं त्याच्या कडेला मरून पडलेली सापडली. फरशी लावण्यासाठीसुद्धा कुणी आत वाकू नये. लांबून बांबूने सरकवा आणि वर बोराटीच्या फांद्या टाका. पुढे ते मातीने भरून टाकावं, असं मला वाटतं. पण ते बाबांनी खोदलेलं आहे, काय करायचं ते तुम्ही ठरवा.

वहिनींनी तुम्हाला विचारलं, भाऊजींना काय सांगू. तुम्ही म्हणालात, "त्याला म्हनावं, हिशेब पाठव."

पाठवतो आहे.

विकलेली चांदी. परभणी, सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४. भाव दहा ग्रॅमच्या तोळ्याला सहाशे ऐंशी रुपये. पावती माझ्याकडे आहे, फोटो सोबत.

आईचे वाळे, जोडी: बावीस तोळे.
आईचे गोठ, जोडी: बारा तोळे.
आईची सरी: चौदा तोळे.
दंडातली वाकी, एक: तीन तोळे.

हे एकावन्न झाले. तुम्हाला एवढंच माहीत आहे.

बाबांचा करदोडा: सात तोळे. हा बाबांबरोबर गेला असं तुम्हाला वाटतं. तो आईने काढून ठेवला होता. शेवटच्या आजारात, तुम्ही औषध आणायला गेला होतात तेव्हा, तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "उमाजीला दे, थोरल्याचा आसतो." मी दिला नाही. दिला नाही हे सांगितलंही नाही.

एकूण अठ्ठावन्न तोळे. मिळाले एकोणचाळीस हजार चारशे चाळीस.
नऊ शेळ्यांचे मिळाले एकोणपन्नास हजार पाचशे.
माझ्या मजुरीतले सहा हजार साठ.
एजंटला दिले पंच्याण्णव हजार.

चांदीचा भाव आता चढला आहे. विकली त्या भावाने परत करणं बरोबर नाही. आजचा भाव तोळ्याला चौदाशे पन्नास धरला आहे. अठ्ठावन्न तोळ्यांचे चौऱ्याऐंशी हजार शंभर.

सोमवारचे पंधरा हजार घरासाठी होते, ते यात धरलेले नाहीत. माणिकरावांच्या जीपचे सहाशे मी वेगळे पाठवले आहेत, ते घ्यायला तयार नव्हते. शेळ्यांचे पैसे यात नाहीत, त्यातल्या किती माझ्या आणि किती तुमच्या हे तुम्ही सांगाल तसं.

आज वहिनींच्या खात्यावर पाठवले वीस हजार. त्यातले बारा हजार नांदेडच्या मित्राकडून उसने, ते माझं मी फेडेन.

राहिले चौसष्ट हजार शंभर. नोव्हेंबरपासून दरमहा आठ हजार. जूनपर्यंत चौसष्ट हजार फिटतात.

जुलैत देणे: शंभर रुपये, आणि थोरल्यासाठी नवा घडवलेला करदोडा.